पाच औटं साडेसतरा

पहिल्या पोरीनं ब्युरेटचं रीडिंग चौदा पॉइंट तीन आलं म्हणून सांगितलं, तेव्हा मी तिलाच रागावले. म्हटलं, डोळा रेषेला आणून बघितलंस, की उभ्याउभ्याच वाचलंस? ती बिचारी परत वाकली आणि परत चौदा पॉइंट तीनच म्हणाली. यायला हवं होतं वीस. तांब्याचा हा प्रयोग मी एकतीस वर्षं लावून देतेय, बेंगळुरूच्या राजाजीनगरातल्या याच कॉलेजात, याच लांब ओट्यावर. दरवर्षी पोरं बदलतात, वीस काही बदलत नाही. कुणाचं एकोणीस पॉइंट नऊ येतं, कुणाचं वीस पॉइंट एक, एखादा धांदरट गप्पा मारता मारता तेवीसवर जाऊन थांबतो. पण चौदा पॉइंट तीन हा आकडा या खोलीत आजवर कुणी उच्चारला नव्हता. मग शेजारच्या मुलाचंही चौदा पॉइंट तीन आलं. त्याच्या पलीकडच्याचं चौदा पॉइंट दोन. निळा रंग शेवटच्या थेंबाला पटकन जातो आणि फ्लास्कमध्ये नुसतं ताकासारखं पांढरट उरतं, तो क्षण मला अजून आवडतो, पण त्या सकाळी तो सगळीकडे फार लवकर येत होता. चूक पोरांची असती तर प्रत्येकाची वेगळी झाली असती. सगळ्यांची एकच आली म्हणजे ती पोरांच्या आधी झालेली, आणि पोरांच्या आधी त्या द्रावणाला हात लागतो तो फक्त माझा.

माझं काम म्हणजे पातळ करणं. सर लोक वर्गात समीकरणं शिकवतात, पोरं ओट्यावर थेंब मोजतात, आणि मागच्या खोलीत मी दाटात पाणी घालत असते. थायोसल्फेट, ज्याला आम्ही सगळे नुसतं थायो म्हणतो, त्याचं एक नॉर्मलचं दाट द्रावण मी आठवड्यातून एकदा करून तपकिरी बाटलीत ठेवते. पोरांना लागतं त्याच्या चाळीस पट पातळ. म्हणजे लिटरमागे पंचवीस मिली दाट घ्यायचं आणि खुणेपर्यंत पाणी भरायचं. सकाळ-दुपार मिळून सत्तर पोरं, प्रत्येकाला शंभर मिली, झाले सात लिटर. हा हिशेब कागदावर मांडायचा असतो हे मला ठाऊक आहे, पण मी कधी मांडला नाही. मी मनात म्हणते, सात अडीचं साडेसतरा, साडेसतराचे एकशे पंचाहत्तर, आणि तोवर हात मोजपात्राकडे गेलेला असतो. शिवकुमार सर, आमचे विभागप्रमुख, नवीन लेक्चरर आला की त्याला मुद्दाम माझ्या खोलीत आणतात आणि म्हणतात, हिला काहीही विचारा, तुम्ही फोन काढेपर्यंत सांगेल. मी सांगते. लेक्चरर हसतो, सर माझ्याकडे आपल्याच लेकीचा पहिला नंबर आल्यासारखं बघतात. खोटं कशाला बोलू, मला ते फार आवडतं. तयार द्रावण पोरांना देण्याआधी स्वतः एकदा तपासून बघायचं असा नियम आहे, तोही मी पाळत नाही. कशाला पाळू? एकतीस वर्षांत एकदा चुकलं असतं तर पाळला असता.

सर आले, बाह्या सारून त्यांनी स्वतः एक टायट्रेशन केलं, चौदा पॉइंट तीन वाचलं आणि अजिबात न रागावता फळ्याकडे गेले. त्यांना शोध लागायला अर्धं मिनिट लागलं. विसाला चौदा पॉइंट तीननं भागा, एक पॉइंट चार येतात, म्हणजे माझं थायो दीडपटीच्या जरा खाली, बरोब्बर चौदा दशांश पट दाट झालेलं. त्यांनी फळ्यावर पॉइंट शून्य तीन पाच लिहिलं आणि कन्नडात पोरांना सांगितलं की द्रावणाची ताकद ही धरा, तुमची उत्तरं बरोबर येतील. मला म्हणाले, अक्का, बाटलीवरचं लेबल तेवढं बदला. झालं. सगळ्यांचं काम तिथं संपलं. उलट एक गंमतच झाली, कारण तिघा जणांच्या वहीत ठसठशीत वीस पॉइंट शून्य लिहिलेलं निघालं, मागच्या वर्षीच्या पोरांच्या जर्नलमधून उतरवलेलं, आणि माझ्या चुकीमुळे ते तिघे रंगेहाथ सापडले. अख्खी लॅब हसली, ते तिघेही हसले, सरही हसले. मीही हसले. हसता हसता मागच्या खोलीत गेले, दार लोटलं आणि स्टुलावर बसले, तिथं माझं हसू संपलं.

कारण मला आठवत नव्हतं. सकाळी मी काय मोजलं, किती ओतलं, काहीच डोळ्यांसमोर येत नव्हतं. सवयीनं केलेलं काम कुणालाच आठवत नाही हे मला कळतं. कुलूप लावलं की नाही हे माणूस बसस्टॉपवरून परत येऊन बघतो, त्यातलंच हे. पण मी अठ्ठावन्न वर्षांची आहे आणि मल्हाररावांची, म्हणजे आमच्या आप्पांची, मुलगी आहे. त्या स्टुलावर बसून मी मनाशी सरळ सरळ ठरवलं की कारण सापडलं तर ही चूक आहे, आणि कारण सापडलं नाही तर हे आप्पांचं दुखणं आहे. दुसरं काही नाही. आणि ते आज, घरी जायच्या आत कळायला पाहिजे, कारण न कळता मी त्या बसमध्ये बसू शकत नव्हते.

आप्पा चामराजपेटेत कटर होते. शिंपी म्हटलेलं त्यांना चालायचं नाही, शिवणारे वेगळे, आपण कापणारे. आमच्या घराण्यानं तीनशे वर्षांपूर्वी कुठला तरी गड सोडला आणि इथं आलं असं ते सांगायचे, गडाचं नाव दर वेळी बदलायचं. घरात आम्ही जे बोलतो त्याला पुण्याचे पाहुणे मराठी म्हणायला तयार नसतात, पण पाढे आप्पांनी आम्हाला अस्सल दिले: पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि सगळ्यात शेवटी औटकी. औट म्हणजे साडेतीन. औट घटकेचा राजा म्हणतात तोच औट. लोकांना तो तेवढ्यापुरताच माहीत असतो, आमच्याकडे तो रोज लागायचा, कारण साडेतीन वार कापड हे आप्पांचं ठरलेलं माप होतं. गिऱ्हाईक सात माणसांचं सांगायला लागलं की आप्पांच्या तोंडात खडू असायचा आणि खडूच्या बाजूनं पुटपुटणं चालू असायचं. मी दप्तर घेऊन त्या टेबलाखाली बसायचे. वरून कात्रीचा करकर आवाज, पायांवर कापडाच्या पट्ट्या पडताहेत, आणि औटकीचा तो चढा सूर. मला वाटतं मी गणित कानांनीच शिकले.

मग आप्पा सत्तर-बहात्तरचे झाले आणि विसरायला लागले. आम्हाला ते कळलंच नाही, यात माझा हात मोठा आहे. मी दर रविवारी माहेरी जायचे, त्यांच्यासमोर बसायचे आणि डॉक्टरणीच्या तोऱ्यात विचारायचे, आप्पा, सात अडीचं? साडेसतरा. नऊ औटं? साडेएकतीस. खाडखाड उत्तरं. मी खूश होऊन उठायचे, घरी येऊन सांगायचे की आप्पांचं डोकं अजून पंचविशीतलं आहे. त्याच महिन्यात त्यांनी एका शाळेच्या गणवेशाच्या सगळ्याच्या सगळ्या बाह्या डाव्या हाताच्या कापल्या होत्या. त्याच महिन्यात ते मार्केटला जाऊन दुसऱ्याच रस्त्यानं दोन तास फिरत होते आणि भाजीवाल्यानं त्यांना हाताला धरून आणून सोडलं होतं. आईनं सगळं झाकलं. सोयराबाईंचा नवरा विसरतो असं पेठेत कुणी म्हणू नये म्हणून कधी डोळ्यांवर ढकललं, कधी खडूवर, कधी नव्या कात्रीवर. शेवटी शेवटी त्यांना माझं नाव येत नव्हतं, पण मी एके औटं म्हटलं की ते पुढचा सगळा पाढा न थांबता म्हणायचे. मी त्यांना एका चुकीच्या गोष्टीत पास करत राहिले. त्याचा राग मला अजून येतो, आप्पांचा नाही, माझाच.

आणि सहा महिन्यांपूर्वी मॅजेस्टिकहून घरी येताना बसमध्ये मला औटकी अडली. सहज म्हणत होते, वेळ घालवायला. एके औटं औट, बे औटं सात, तीन औटं साडेदहा, चार औटं चौदा, आणि पुढे काहीच नाही. पाच औटं म्हटलं की तोंड नुसतं उघडं. गुणाकार करून उत्तर काढता आलं असतं, तो मुद्दाच नव्हता, पाढा स्वतःहून यायला हवा होता. जे आप्पांनी अगदी शेवटपर्यंत सोडलं नाही ते माझ्या हातून इतक्या लवकर सुटलं. घरी नवऱ्याला, आमच्या गिरीराजांना, सांगण्यात अर्थ नव्हता. ते म्हणाले असते, मला तर दोनचा पाढासुद्धा धड येत नाही, माझं काय अडलं? मुलगा मारतहळ्ळीला असतो, त्याला फोनवर गोलगोल सांगितलं, तर त्यानं मेंदूला व्यायाम देणारं काहीतरी ॲप पाठवून दिलं, त्यात रंगीत फुगे फोडायचे असतात. मी फुगे फोडले नाहीत. मी औटकी घेऊन बसले. रोज जाता-येता बसमध्ये, भात लावताना, कपडे वाळत घालताना, आणि अडलेल्या जागेवर सगळ्यात जास्त घासलं: पाच औटं साडेसतरा, पाच औटं साडेसतरा. महिन्याभरात पाढा वाहत्या पाण्यासारखा यायला लागला. मी मनातल्या मनात आप्पांना म्हटलं, बघा. तरी सराव सोडला नाही. भीती होती ना.

तर आता मी स्टुलावर बसून एकेका वस्तूची झडती घेतली. दाट द्रावण गेल्या सोमवारचं, त्याच बाटलीतून बुधवारी केलेलं काम बरोबर आलं होतं, म्हणजे ते निर्दोष. पाण्याचा कॅन तोच, सात लिटरची खूण तीच, माझ्याच हातानं काढलेली. मोजपात्र अडीचशे मिलीचं, काठाला टवका उडालेला आहे पण तो आकड्यांच्या वर. कॅन धुताना आत काही राहिलं का? थायो राहिलं असतं तर एवढं राहिलं नसतं. प्रत्येक वस्तू निर्दोष सुटत गेली. शेवटी खोलीत वस्तू संपल्या आणि मीच उरले. बाहेर पोरं नळ सोडून काचा विसळत होती, कुणीतरी शिट्टी वाजवत होतं. मला वाटलं, हेच ते. आप्पांनाही असंच वाटलं असेल, डाव्या बाह्यांचा ढीग बघताना, की कात्री बरोबर आहे, खडू बरोबर आहे, मग राहिलं काय? आणि त्यांनी ते कुणाला सांगितलं नाही.

एक वाजता भव्या डबा घेऊन आली. ती आमची नवी इन्स्ट्रक्टर, निपाणीकडची, मराठी आणि कन्नड दोन्ही एकाच दमात बोलणारी. येऊन वर्ष झालं, पण पातळ करण्याच्या कामाला मी तिला हात लावू दिला नव्हता. कपाटाची किल्लीसुद्धा दिली नव्हती, मग बाकीचं काय बोलता. मला वाटायचं, ही पोरगी प्रत्येक गोष्टीला फोनचा कॅल्क्युलेटर काढते, हिला काय जमणार. तिनं माझ्या तोंडाकडे बघितलं आणि डबा न उघडता विचारलं की एवढं काय झालंय. मी म्हटलं, काही नाही, स्वल्प डोकं दुखतंय. ती म्हणाली, लेबल बदललं, संपलं की, आता कशाला कुढायचं? मग मला काय झालं कोण जाणे, मी तिला सगळं सांगून टाकलं. आप्पा, रविवारची परीक्षा, डाव्या बाह्या, सगळं. नवऱ्याला न सांगितलेलं या कालच्या पोरीला सांगितलं. तिनं मध्ये एकदाही अय्यो केलं नाही की माझ्या हातावर हात ठेवला नाही. ऐकून झाल्यावर फोन काढला, कॅल्क्युलेटर उघडला आणि म्हणाली, आधी किती पडलंय ते तरी बघू या की. एकशे पंचाहत्तर गुणिले एक पॉइंट चार.

"दोनशे पंचेचाळीस," ती म्हणाली. "अक्का, तुम्ही दोनशे पंचेचाळीस मिली घातलंय."

हा गुणाकार मी दोन तास केला नव्हता. मी, जिला लोक दाखवायला आणतात, तिनं तो साधा गुणाकार टाळला होता, कारण उत्तराला भ्याले होते. आणि ती दोनशे पंचेचाळीस म्हणाली त्याच क्षणी माझ्या तोंडातून आपोआप साडेचोवीस निघालं. आणि साडेचोवीसच्या मागे, त्याच चढ्या सुरात, सात औटं. सात औटं साडेचोवीस. मी उठून उभी राहिले. ओट्याजवळ गेले, सकाळी उभी राहते तशी मोजपात्रासमोर उभी राहिले आणि सकाळी पुटपुटते तशी पुटपुटले: सात अडीचं साडेसतरा. आणि तिथं मला ते स्पष्ट ऐकू आलं, माझंच तोंड पुढे काय म्हणत होतं ते. साडेसतरा अडीचकीतही आहे, सातव्या जागेवर. आणि साडेसतरा औटकीतही आहे, पाचव्या जागेवर, जिथं मी सहा महिने घासघास घासलं होतं. मी बरोबर उत्तराला पोचले होते. थांबले मात्र नव्हते. साडेसतरा म्हटल्याबरोबर जीभ घसरून दुसऱ्या पाढ्यात गेली आणि रोजच्या सवयीनं पुढं चालत राहिली, सहा औटं एकवीस, सात औटं साडेचोवीस, आणि मला सातच हवे होते म्हणून सातावर येऊन समाधानानं थांबली. मग मी साडेचोवीसचे दोनशे पंचेचाळीस केले आणि ओतले. डोकं जाऊ नये म्हणून जो पाढा घोकत होते त्यानंच मला चुकवलं होतं.

मी हसायला लागले ते थांबेचना. भव्या घाबरली, तिला वाटलं आता खरंच गेलं हिचं डोकं. मी तिला दोन्ही पाढे म्हणून दाखवले, एकदा हा, एकदा तो, साडेसतरावर दोन्ही वेळा टाळी वाजवून. तिला औटकी ठाऊकच नव्हती. त्यांच्या शाळेत पाढे तीसपर्यंत, पण अपूर्णांकाचे नाहीत. तिला कळायला स्वल्प वेळ लागला, आणि कळल्यावर तीही पोट धरून हसली. म्हणाली, बेंगळुरूत एक कोटी माणसं असतील, अक्का, पण ही चूक करायला तुम्हीच पाहिजे. आम्ही डबे उघडले. तिच्याकडे शेंगदाण्याची चटणी होती, माझ्याकडे बिसीबेळेभात. मला इतकी भूक कित्येक दिवसांत लागली नव्हती. जेवताना मी तिच्याकडून औटकीची पहिली पाच घरं म्हणवून घेतली, आणि पाचव्या घराला तिला सांगितलं की इथं पाय जपून टाकायचा.

हात धुताना मात्र आनंद जरासा खाली बसला. कारण सापडलं, म्हणजे ही चूक होती, आजार नव्हता. मी सकाळी ठरवलं होतं तसं. पण ते ठरवलं कुणी? मीच. आप्पांना तरी सगळे पाढे येत होते. पाढा आला म्हणून डोकं शाबूत असं असतं तर आप्पा मार्केटात चुकलेच नसते, आणि पाढा घसरला म्हणून डोकं गेलं असंही नाही, ते आत्ताच सिद्ध झालं. म्हणजे सहा महिने मी जी फूटपट्टी घेऊन स्वतःला मोजत होते ती कशाचीच नव्हती. तीच मी आप्पांना लावली होती. नळाखाली हात धरून मी बराच वेळ उभी राहिले. मला आप्पांची फार आठवण आली, रडू येण्याएवढी. ते पाढे म्हणत होते आणि मी दाद देत होते, पण बाह्या कुणीही तपासत नव्हतं. ते आता इतक्या वर्षांनी मला कळत होतं आणि सांगायला ते नव्हते.

साडेतीनच्या सुमारास शिवकुमार सर रजिस्टर घेऊन आले. लॅबचं एक रजिस्टर असतं, काही बिघडलं की त्यात तारीख, काय झालं आणि का झालं असे तीन रकाने भरायचे. सरांनी पहिले दोन भरून आणले होते आणि तिसऱ्यात, माझी काळजी म्हणून, पेन्सिलीनं लिहिलं होतं: रसायन शिळं. म्हणाले, एकतीस वर्षांच्या माणसाच्या नावावर कशाला डाग, सही करा, सरी, म्हणजे ठीक ना? माणूस सोन्यासारखा. पण मला समोर सर दिसेचनात, आई दिसली. डोळ्यांचं झालंय, खडूचं झालंय. मी म्हटलं, सर, शिळं थायो पातळ पडतं, दाट होत नाही. हे कुणी वाचलं तर तुमच्याच पदवीवर शंका घेईल. ते हसून खोडरबर शोधायला लागले. मग मी त्यांना सांगितलं.

"सर, चूक माझी आहे, ती तशीच लिहा. आणि उद्यापासून माझा प्रत्येक हिशेब कागदावर राहील आणि भव्या तो तपासून खाली सही करेल. तिच्या सहीशिवाय माझं द्रावण बाहेर जाणार नाही."

सर म्हणाले, अक्का, एवढ्याशा गोष्टीसाठी? मी म्हटलं, एवढ्याशाच गोष्टीसाठी. चूक मोठी झाल्यावर मला कळेलच याची काय खात्री? ते खुर्चीवर बसले आणि तिसऱ्या रकान्यात मी सांगेन तसं लिहू लागले. अडीचकी आणि औटकी कन्नडात कसं लिहायचं यावर त्यांचं आणि भव्याचं पाच मिनिटं चाललं. मला बाई हलकं वाटत होतं. भीती होती अजून, ती काय एका दुपारीत जाते होय? पण सकाळी मी त्या भीतीबरोबर एकटी बसले होते, आता खोलीत तिघं होतो.

उद्यासाठी पासष्ट पोरांचं द्रावण करायचं होतं, साडेसहा लिटर. मी पुठ्ठ्याला कागद लावून घेतला आणि आयुष्यात पहिल्यांदा पहिल्या वर्षाच्या पोरासारखा हिशेब मांडला, ताकद गुणिले आकारमान बरोबर ताकद गुणिले आकारमान. मनात उत्तर आधीच आलं होतं, साडेसहा अडीचं सव्वासोळा, एकशे साडेबासष्ट मिली, पण तोंड घट्ट मिटून ठेवलं. कागद भव्याकडे सरकवला. तिनं कॅल्क्युलेटर काढला. ती एकेक आकडा बघून दाबत होती, मध्येच पुसून परत दाबत होती, आणि मी, जी कुणाला फोन काढेपर्यंतसुद्धा वेळ देत नाही, हात बांधून उभी होते. एकशे बासष्ट पॉइंट पाच, ती म्हणाली. मग मी तिच्यासमोर ओतलं, तिनं वाकून रेषेला डोळा लावून बघितलं, पाणी भरलं, ढवळलं, नियमाप्रमाणे एक टायट्रेशनही केलं आणि ते वीसवर येऊन थांबलं. कपाटाची किल्ली मी तिच्या समोर ठेवली. ती तिनं पर्समध्ये टाकली. मी लेबल लिहिलं, खाली सही केली आणि तिच्या सहीसाठी लेबल पुढं केलं. ती पेन उघडून नुसती बघत राहिली.

"काय झालं?"

"तारीख, अक्का. ही कालची आहे."

मी बघितलं. कालचीच होती. तिनं त्यावर एक सरळ रेघ मारली, वर आजची घातली, बाजूला आपली आद्याक्षरं लिहिली, आणि मग सावकाश पूर्ण सही केली. मला म्हणाली, मीही सकाळी मस्टरवर कालचीच टाकली होती, त्याचं काय एवढं. असेल, टाकली असेल. मला त्याच्याशी काही देणंघेणं नव्हतं. मी त्या रेघेकडे बघत होते. आप्पांच्या कुठल्याही बाहीवर अशी रेघ कुणी मारली नव्हती.

"अशीच बघत जा ग," मी म्हटलं.

"बघते की," ती म्हणाली, आणि लेबल लावायला बाटली पुसून घेऊ लागली.